दर्भाची काडी

१९९४ च्या श्रावणातला पहिला सोमवार. जागा: काशीतला दुर्गाघाट, गुरुजींच्या घरातली बाहेरची खोली. हजर: यजमान म्हणून पाटावर स्वतः गुरुजी, पूजा सांगायला त्यांचे चुलतभाऊ बापू, सामानाची जबाबदारी असलेली मी आणि भिंतीला टेकून बसलेल्या शेजारच्या काकू. गुरुजींच्या उजवीकडचा पाट रिकामा. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आत चुरमा कालवत होत्या. त्या बाहेर येऊन त्या पाटावर बसतात की नाही, एवढंच आम्हांला पाहायचं होतं.

गुरुजींना तुम्ही इथल्या आम्हां मराठी घरांतल्या कुठल्या ना कुठल्या पूजेत पाहिलं असेल. यजमान पळी उचलणार तेवढ्यात ते पोथीतून मान वर न काढता त्याच्या बायकोला म्हणत, “वहिनी, हाताला हात लावा.” बायकोची बोटं नवऱ्याच्या उजव्या हाताला टेकली की पूजा दोघांची होते. नवी जोडपी लाजली तर म्हणत, “लावा, लावा. करंट नाही बसत.” घरून भांडून आलेली जोडपी त्यांना लांबून ओळखू येत. त्यांच्याकडून ते मुद्दाम दोनदा पाणी सोडवून घेत.

भांग ते शिकत असल्यापासून घेत. काशीत तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ती बाबांची, म्हणजे शंकराची, बूटी. सुपारीएवढ्या गोळीचा पुढे लिंबाएवढा गोळा झाला. मंत्र म्हणता म्हणता ते मध्येच थांबत आणि कुठे होतो ते विसरत. एका मुंजीत त्यांनी श्राद्धाचा संकल्प सुरू केला. मांडव हसला. वहिनी हसल्या नाहीत.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर वहिनींना दिवस राहिले. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी कळा सुरू झाल्या. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. चौकातून रिक्षा ठरवून यायची आणि बाईला खुर्चीत बसवून तिथवर न्यायचं, ही रीत. गुरुजी रिक्षा आणायला गेले. आम्ही वाट पाहिली आणि शेवटी आम्हीच वहिनींना खुर्चीत बसवून उचलून नेलं. मुलगा झाला, तो जगला नाही. उजाडताना मी वहिनींचे कपडे न्यायला त्यांच्या घरी आले, तर गुरुजी दारात उभे. बालाजी घाटावर “जरा टेकले” होते. मला म्हणाले, “ताई, रिक्षा मिळाली.”

मी काय उत्तर दिलं, ते लिहीत नाही.

त्या दिवसापासून त्यांनी भांगेला हात लावला नाही. झोप उडाली, अन्न उलटून पडे, अंग थरथरे. भांगेचं दुकान टाळण्यासाठी ते घाटाघाटाने लांबून घरी येत. वहिनी माहेरी गेल्या नाहीत. स्वयंपाक करत आणि भिंतीकडे पाहून सांगत, “कोणाला जेवायचं असेल तर पान वाढलंय.” गुरुजीही भिंतीलाच म्हणत, “आलो.”

शिवरात्रीला गल्लीतल्या देवळाचा पुजारी भांग घातलेल्या ठंडाईचा मातीचा कुल्हड घेऊन समोर आला. “का गुरु, बाबा क परसादी ना लेबा?” गुरुजींनी कुल्हड कपाळाला लावला आणि ठंडाई पिंपळाच्या मुळाशी ओतली. प्रसाद ओतून टाकणारा हा कसला काशीचा ब्राह्मण, म्हणून दोन घरांनी पूजेला दुसरा माणूस धरला. जोवर झिंगत होते, तोवर एकही घर सुटलं नव्हतं.

वहिनींनी ते खिडकीतून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला नाही, त्यांना म्हणाल्या, “जेवून घ्या.”

मग आषाढात गुरुजी मला म्हणाले, “ताई, तिला जरा पूछून बघा. सोळा सोमवार जोडीने धरेल का?” मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, “फराळाचं करीन. बसायचं पाहू.”

तर तो पहिला सोमवार. बापू तीनदा खाकरले. वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि पाटावर बसल्या. बापूंनी जपून म्हटलं, “वहिनी, हाताला हात लावा.” वहिनींनी माझ्या तबकातली वीतभर दर्भाची काडी उचलली आणि तिचं टोक गुरुजींच्या कोपराला टेकवलं. बापू घुटमळले. गुरुजी समोर पाहत म्हणाले, “चालतं. शास्त्रात दर्भ चालतो. पुढे म्हण.”

मी दर सोमवारी वीतभरच काडी ठेवत असे. वहिनी ती आपल्या हाताने मोडून घेत. भाद्रपदात ती चार बोटांवर आली, दिवाळीच्या सुमारास दोन. गुरुजी पूजेत कधी तिकडे बघत नसत. एकदा जिन्यात मला म्हणाले, “ताई, इतक्या आखूड दर्भाला शास्त्रात नाव नाही.” आणि हसले. कितीतरी दिवसांनी.

सोळाव्या सोमवारी काडी नखाएवढी होती. पुढच्या सोमवारी उद्यापन. मेहुणं सांगून झाली, सामान आलं.

त्याच आठवड्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. दूषित पाण्याची कावीळ, डॉक्टर म्हणाले. गल्ली म्हणाली, बूटी सोडली म्हणून. इस्पितळात वहिनी त्यांना चमच्याने उसाचा रस पाजत. चमचा लांब दांड्याचा होता. “उद्यापनापर्यंत बरा होतो,” असं ते रोज सांगत. रविवारी ते गेले.

सामान माझ्याकडे बांधून ठेवलं आहे: पंचा, खण, सुपाऱ्या, खारका, दोन पाट. खारका एकदा बदलल्या. अर्धवट काम मला बघवत नाही, म्हणून वर्षश्राद्ध झाल्यावर मी वहिनींकडे गेले. म्हटलं, “बापू म्हणतात, दिराला पुढे बसवून उद्यापन करता येतं. शास्त्रात चालतं.”

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

“शास्त्रात सगळं चालतं हो, ताई,” त्या म्हणाल्या. “पण मी हात कोणाच्या हाताला लावू?”

उद्यापन राहिलं आहे.