डाव्या हातासाठी लॅपटॉप

दुकानात शिरल्यापासून काकांनी उजवा हात पँटच्या खिशातून बाहेर काढला नव्हता. काउंटरवर मांडलेल्या एकेका लॅपटॉपसमोर ते उभे राहत आणि नुसत्या डाव्या हाताने आपलं नाव, पत्ता, आजची तारीख टाइप करून बघत. जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारी ती दुकानदार बाई बराच वेळ हे बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काका, हाताला काय झालं?"

"मला काय धाड भरलीय? बायकोसाठी घ्यायचाय. तिचा उजवा हात गेलाय."

आठ महिन्यांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. डोकं शाबूत राहिलं, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. त्या बोलायला लागल्या की शब्द एकमेकांत अडकत, आणि ते सोडवणं जगात फक्त काकांना जमत होतं. दुसऱ्या शहरातली लेक रोज संध्याकाळी फोन करी. काकू काहीतरी पुटपुटत, आणि काका दुभाष्याचं काम करत. डाव्या हाताने पेन्सिल धरून झाली, पण लिहिलेलं काकूंना स्वतःलाच लागेना. मोबाइलच्या काचेवर बोटं ठरत नसत. एके दिवशी त्यांनी पेन्सिल भिंतीवर भिरकावली आणि चक्क स्पष्ट बोलल्या, "माझं मला बोलू द्या!" त्याच दिवशी काकांनी लॅपटॉपचं मनावर घेतलं.

कारण काकू साध्यासुध्या बाई नव्हत्या, टायपिस्ट होत्या. एकतीस वर्षं एकाच कचेरीत. काका त्याच मजल्यावर आवक-जावक खात्यात कारकून. मान ताठ, नजर मसुद्यावर, आणि बोटं खाली आपापलं काम करतायत, अशी ती मुलगी त्यांनी पहिल्यांदा पाहिली आणि गडी तिथेच खलास झाला. मग काय, एका पत्रासाठी तीन फेऱ्या. कधी तारीख घालायची राहायची, कधी जावक क्रमांक. "आज पुन्हा तारीख विसरलात? का ती घरीच ठेवून येता?" असं तिने विचारलं, तेव्हा अख्खी कचेरी हसली आणि काकांचे कान लाल झाले. टाइपरायटरच्या नुसत्या आवाजावरून ती रागात आहे की खुशीत, हे त्यांना जिन्यातूनच कळायचं. पुढे कॉम्प्युटर आले. टाइपरायटर हातगाडीवर घालून तळघरात नेले, त्या दिवशी काकूंचा डबा न उघडताच घरी आला. ते दिवस आठवले की काकांना अजूनही भरून यायचं.

पण आठवणींवर लॅपटॉप मिळत नाही. औषधं आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाई यांत बरीचशी शिल्लक गेली होती. कोरा करकरीत लॅपटॉप घेण्याची बातच नव्हती.

"साठवणूक किती हवी?" दुकानदार बाईने विचारलं.

"आम्हाला काय धान्य भरायचंय? अक्षरं मोठी दिसू देत आणि एका हाताला सगळं पोचू दे."

तासभर चाचपून त्यांनी एक चिमुकला लॅपटॉप निवडला. बटणं इतकी जवळ की हात एका जागी ठेवून सगळी सापडत. त्यावर टाइपरायटरची जुनी मराठी मांडणी लावून घेतली, तीन दिवसांत बदलून मिळेल, असं कबूल करून घेतलं आणि मोठा गड जिंकल्याच्या थाटात घरी आले.

काकूंनी जुन्या सवयीने मान वर ठेवली, डावा हात बटणांवर टेकवला आणि टाइप केलं. पडद्यावर निव्वळ गिचमिड. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यांचे डोळे भरून आले.

"येईल गं हळूहळू," काका म्हणाले.

काकूंनी जोरजोरात मान हलवली. लॅपटॉप बाजूला सारून त्यांनी बोटं टेबलावर ठेवली, ऐसपैस, एकमेकांपासून लांब, आणि ठकठक वाजवून दाखवली. आणि काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या हाताला अंतरं पाठ होती. कुठलं अक्षर किती लांब, हे बोटं विसरली नव्हती. लॅपटॉपच आखूड होता. आणि त्यांनी तो निवडला होता एका बोटाने शोधून दुसऱ्याने दाबणाऱ्या आपल्या अडाणी हाताने. त्यांना स्वतःचीच चीड आली.

"मी गाढव आहे. तूच चल."

आठ महिने काकू उंबरठ्याबाहेर पडल्या नव्हत्या. ओठ एका बाजूला ओढला गेला होता, लोक बघतात म्हणून. आता नाही म्हणणार, असं काकांना वाटलं. काकूंनी कंगवा मागितला.

दुकानात त्यांनी चार लॅपटॉप नापास केले. पाचवा कुठल्याशा कचेरीतून काढून टाकलेला, जाडजूड, वजनदार, झाकणावर ओरखडे.

"अगं, ह्याची तर निम्मी अक्षरं पुसलीयत," काका कुजबुजले.

काकूंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. दुकानदार बाईने ह्यावरही टाइपरायटरची जुनी मांडणी लावून दिली, आणि डावा हात सुटला. आपल्या वाट्याची अक्षरं त्याने पटापट मारली. उजव्या हाताच्या मुलखात मात्र तो चाचपडत, चुकत, खोडत गेला. दोन ओळींना बराच वेळ लागला. दुकानदार बाईने त्या मोठ्याने वाचल्या: "अक्षरं पुसली आहेत. किंमत कमी करा."

"काकू, तुम्ही अक्षरांकडे बघताय कुठे?" ती हसत म्हणाली, पण किंमत तिने कमी केली.

त्या संध्याकाळी काकू लेकीला मेल लिहायला बसल्या. काका सवयीने खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. काकूंनी पडदा फिरवला आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. काका मुकाट्याने चहा ठेवायला गेले. चहा झाला, निवला, तरी बाहेर टकटक चालूच होती. ती थांबली आणि थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा," लेक म्हणाली, "आई लिहितेय, ती इतके महिने मला एकच गोष्ट सांगत होती. 'बाबा दमलेत, चार दिवस येऊन जा.' आणि तुम्ही मला काय सांगायचात?"

सगळं ठीक आहे, आई म्हणते काळजी करू नकोस, असं ते सांगायचे. रोज. लेकीचा संसार, नोकरी. उगाच तिची धावपळ कशाला, असं त्यांना वाटे.

"बाबा? बोला ना."

काकांनी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाहिलं. खुर्चीतून काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

"दमलोय गं," ते म्हणाले. "ये."