गढीची पांढरी माती

परवा भाचीनं गावाकडच्या गढीचा फोटो पाठवला. भालकी तालुक्यात, शेतातच बांधलेली जुन्या काळची गढी… आता एकच बुरूज उरलाय. मी फोटो झूम केला आणि बुरजाचा पायथा शोधायला लागले, या पंच्याऐंशीच्या वयात.

आमच्याकडे तेव्हा घरांवर मातीची माळवदं असायची. पावसाआधी त्यावर पांढरी माती टाकायची, आणि ती गढीच्या बुरजाखालचीच हवी, तिच्यातून पाणी झिरपत नाही म्हणे. सगळं गाव वर्षानुवर्षं एकाच जागी खणायचं… तिथं पार भुयार झालं होतं.

पोलीस अॅक्शनला दोनेक वर्षं झाली होती. मी दहाची, थोरली बहीण अक्का सतराची, लग्न ठरलेली. आम्ही दोघीच माती आणायला गेलो.

अक्का वाकून आत शिरली. मी बाहेरच थिजले… रझाकारांच्या धामधुमीत आम्ही सगळे याच भुयारात दोन दिवस लपलो होतो. मी रडू नये म्हणून आईनं माझं तोंड दाबून धरलं होतं. तो मातीचा वास आला की अजून मला श्वास पुरत नाही.

“कामून उभारलीस? पाटी धर की आत येऊन,” अक्का आतून म्हणाली.

भीती वाटते म्हणायची लाज वाटली. मी खाली बसले आणि थाप मारली, “काटा मोडलाय… लई खोल गेलाय.”

ती कुदळ तिथंच टाकून, चिडून बाहेर आली. माझा पाय मांडीवर घेतला, थुंकी लावून टाच पुसली, पोलक्याची पिन काढून शोधायला लागली. मी उगाच कण्हत होते…

तेवढ्यात मागं धप्प झालं. धूळ बसली तेव्हा भुयाराचं तोंडच नव्हतं, नुसता ढिगारा.

माझा पाय अजून अक्काच्या हातात होता. तिनं पुन्हा एकदा सगळ्या तळव्यावरून बोट फिरवलं, सावकाश. माझ्याकडे बघितलं आणि पिन परत पोलक्याला लावली.

घरी अप्पांनी कुदळ कुठं म्हणून विचारलं. “हिचा काटा काढायला बाहीर आले म्हणून वाचले, अप्पा. येवढा मोठा होता,” तिनं बोट दाखवलं. पुढं जन्मभर ती हेच सांगत राहिली आणि दरवेळी काटा थोडा वाढायचा.

गेल्या वर्षी ती गेली…

अक्का, काटा नव्हता गं. तुला ते माहीत होतं. तरी एकदाही मला भित्री म्हणाली नाहीस, म्हणून हे आज सगळ्यांसमोर लिहिलं.