देवाची तीट

डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या पेशंटला आतच बसवतात, म्हणून मला ते पाहावं लागलं. समोर आईसोबत सहा वर्षांची मुलगी होती. तिच्या पापणीवरची जन्मजात गाठ नुकतीच कापून काढली होती.

"तान्ही असतानाच का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासूबाई म्हणायच्या, देवानंच तीट लावून धाडलंय, हात लावू नका."

दृष्ट लागू नये म्हणून जपताना माणसं काय काय गमावून बसतात! डोळा आता नितळ दिसत होता, पण गाठीआड तो बघायला शिकलाच नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईला पटेना. डॉक्टरांनी मुलीचा चांगला डोळा तळव्यानं झाकला. खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर होतं.

"आई, लाइट गेली?"

"हो बाळा," आई म्हणाली. "येईल आता."