नथीपायी गहाण पडलेले मासे

नथ गहाण घेताना ते आधी ती कपाळाला लावत आणि बाईला सांगत, "निजली हां गो ही आता. बेगीन येवन उठव हिका." मालवणात आमच्या घरासमोरच त्यांचं सोनाराचं दुकान होतं. त्यामुळे त्यांच्या सगळ्या तऱ्हा मला फुकटात बघायला मिळाल्या.

चतुर्थी आली की गहाणातल्या नथी ते ज्या त्या बाईला सणापुरत्या घालायला देत. तारण म्हणून देवीची शपथ पुरे. गौरी पोचवल्या की बायका नथी आणून देत.

एका वर्षी आळीतली जानकी नथ घेऊन गेली ती आलीच नाही. नवरा मुंबईत आजारी असल्याची तार आली आणि ती तशीच बोटीत बसली. आळी तिला चोर ठरवून मोकळी झाली. सोनारांनी मात्र देवळात गाऱ्हाणं घातलं, "आई, तिची लाज राख. तवसर माजे मासे तुज्याकडे गहाण."

मालवणात राहून मासे सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय गहाण म्हटलं की व्याज आलंच, म्हणून दर सोमवारी देवीला नारळ. बाजारात जाऊन ते सुरमईचा भाव करत, बांगड्याला तिरफळं किती घालावीत यावर कोळणींशी वाद घालत आणि पडवळ घेऊन घरी येत. भटजींना दया आली. अभिषेक करा, नवस सुटेल, म्हणाले. पण जानकीच्या आधी आपण सुटलो तर ती जन्माची चोर राहील, हा त्यांचा हेका. मला त्यांचा राग यायचा आणि मायाही वाटायची.

तिसऱ्या वर्षी जानकी आली आणि त्यांच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. नवऱ्याच्या औषधासाठी मुंबईत तिने तीच नथ दुसरीकडे गहाण टाकली होती आणि लोकांची भांडी घासून सोडवली होती. एका हातात नथ, दुसऱ्यात मुद्दल. व्याजाचं कसं करायचं, असं तिने खालमानेने विचारलं.

"ता देवीक पोचला," ते म्हणाले. "नथ नाकात घाल आणि भितर ये."

मग स्वतः बाजारात जाऊन त्यांनी घासाघीस न करता बांगडे आणले. जानकीचं पान आपल्या शेजारी मांडायला लावलं आणि रस्त्यावरचं दार सताड उघडं ठेवलं.

ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मला आठवतात ते त्या दुपारचेच. जानकीला रडू आवरत नव्हतं, आणि ते तिच्याकडे न बघता बांगड्याचं डोकं चोखत होते, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या जोरात.