कोरडं कपाळ

स्प्रिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव पगाराच्या कारकुनाशिवाय कुणाला ठाऊक असेल, याची शंकाच होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत तो इस्त्रीखात्यात होता. पाळी सुरू व्हायच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत हा गडी उठाबशा काढायचा, सुटल्यावर पुन्हा काढायचा. मधला सगळा वेळ वाफेत उभं राहून ज्याला वर आणखी व्यायाम सुचतो, त्याचा एखादा स्क्रू सैल असणार, यावर खात्यात एकमत होतं.

"शरीर म्हणजे बिजागरी," तो म्हणायचा. "हलवली नाही की गंजते."

घरात झाडू उचलायची वेळ आली की हीच बिजागरी नेमकी कशी गंजते, हा त्याच्या बायकोचा जुना प्रश्न होता.

इस्त्रीखात्याला दार एकच. लोखंडी, सरकतं, आणि मधेच रुळावरून उतरणारं. थोडा जोर आणि थोड्या शिव्या, एवढ्यावर ते उघडायचं. एकदा भर दुपारी वाफेचा पाइप फुटला, तेव्हा शिव्याही कामी आल्या नाहीत. बाकीचे जेवायला बाहेर पडले होते. आत चादरींच्या घड्या घालणारे घडीकाका एकटेच होते. बाहेरून कडी ओढत होता तो स्प्रिंग. आतून दारावर थापा ऐकू येत होत्या. मग येईनाशा झाल्या.

मॅनेजरला सगळे 'कॉलर' म्हणत, कारण त्याची कॉलर घामाने कधी मऊ पडली नव्हती. त्याने शोकसभा घेतली आणि रुळाला तेल घालून घेतलं. दुसऱ्या दाराचं विचारल्यावर म्हणाला, "भिंत फोडायची तर वरून मंजुरी लागते." हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे, ते आता फक्त घडीकाकांना माहीत असावं.

स्प्रिंग लाँड्रीच्या फाटकाशी सतरंजी टाकून बसला. दुसऱ्या दारासाठी भिंत फुटेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही.

"अरे, उपोषणवालेसुद्धा पाणी घेतात," बायको म्हणाली.

"काकांना आत कुणी दिलं होतं?"

तिने आणलेली पाण्याची बाटली पिशवीत परत ठेवली. पण संध्याकाळी तो उठून उठाबशा काढायला लागला, तेव्हा तिला राहवलं नाही. "आता हे कशाला? पडून राहा की जरा."

"पडलो की कॉलर म्हणणार, तब्येत बिघडली. गाडी बोलावणार, सलाईन टोचणार, संपलं उपोषण. जोवर उभा आहे तोवर मला कोण उचलतो ते बघू."

हिशोब चोख होता. सुटून निघालेल्या लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "उपाशीपोटी हा असा, मग जेवल्यावर भिंत हाच फोडेल."

पण पोटाला आणि रक्ताला हिशोब कळत नाही. दुसऱ्या दिवशी जीभ खळ घातलेल्या कापडासारखी झाली होती. लघवी कोऱ्या चहासारखी, तीही थेंबभर. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. उठताना फाटक एका बाजूला कलायचं, ते सरळ होईपर्यंत तो गजाला धरून थांबायचा आणि मग पुन्हा खाली बसायचा.

संध्याकाळी कॉलरची गाडी फाटकात थांबली. काच खाली झाली. साहेबांनी थोडा वेळ उठाबशा बघितल्या, मग आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बघा, घामाचा एक थेंब नाही. उपाशी माणूस असा असतो होय? रात्री डबा कुठून येतो, तेवढं विचारा त्याला."

गाडी गेली, वाक्य मागे राहिलं. लोक हसले, आधी साहेबांना, मग जरा स्प्रिंगलाही. इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून इस्त्री करणारा जोडीदार जवळ येऊन म्हणाला, "काय रे, आम्हाला तरी सांग. डब्यात असतं काय?"

स्प्रिंगने उठाबशा वाढवल्या. थांबलो तर कॉलर उचलून नेणार, चालू ठेवल्या तर चोरून खातो म्हणणार. दोन्हीकडून कात्रीत सापडलेल्या माणसाला तेवढंच सुचलं.

सकाळच्या पाळीला सगळे फाटकाशी गोळा झाले, तेव्हाही तो उठत-बसत होता. उशांचे अभ्रे इस्त्री करणारी मावशी गर्दीतून पुढे आली. तिने आईसारखा त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून दिला.

"कपाळ कोरडं आहे," ती म्हणाली.

"तेच तर साहेब म्हणाले," जोडीदार म्हणाला.

"तापलेलंय आणि कोरडं आहे. आपल्या खात्यात एखाद्याचा घाम थांबला तर आपण काय करतो रे?"

घाम वाहतोय तोवर माणूस ठीक. घाम थांबला की हातातलं काम टाकून त्याला बाहेर ओढायचं. इस्त्रीखात्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी कुणाला तरी ओढून काढलं होतं. पण फाटकाबाहेर, गार हवेत, तीच खूण बघून सगळे हसले होते.

जोडीदाराने स्प्रिंगच्या बगलेत हात घातला, तोवर तो खाली गेलाच होता.

त्या दिवशी वाफेचा व्हॉल्व्ह कुणी उघडला नाही. दुपारपर्यंत इस्पितळांचे चादरींसाठी फोन सुरू झाले आणि वरची मंजुरी संध्याकाळच्या आत खाली आली. भिंत फुटली. स्प्रिंगची मूत्रपिंडं मात्र पुन्हा नीट चालली नाहीत.

आता त्याला आठवड्यातून तीनदा इस्पितळात यंत्राला जोडतात. आपण होऊन पाणी सोडलेल्या माणसाला बायको आता वाटीने मोजून पाणी देते. "मागायला लागला की लहान पोरासारखा चिडतो," ती सांगते आणि दुसरीकडे बघते. इस्पितळात अंगाखाली असते ती त्यांच्याच लाँड्रीची चादर.

मावशी भेटायला आली तेव्हा त्याने पहिलं विचारलं, "दार कसंय?"

"उघडतं. आधी सगळे मुद्दाम त्यातूनच जायचे-यायचे."

"आणि आता?"

मावशीने चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली. "आता त्याच्यापुढे ट्रॉल्या लावून ठेवतात. जागा कुठंय रे?"

नळी लावलेला हात न हलवता त्याने मान तिच्याकडे वळवली. "मावशी, काढत जा त्या."

"रोज?"

"रोज."

मावशीने पिशवी उचलली. "काढते," ती म्हणाली. "तेवढाच व्यायाम."