ब्रेक लागला तो बैलांना

सासऱ्यांची जीप मी कडब्याच्या गंजीत घातली, तेव्हा स्टिअरिंग छातीशी ओढलेलं होतं, दोन्ही पाय ताठ होते आणि तोंडाने ‘हो, हो’ चाललं होतं. पाय जितका रेटावा तितकी जीप जास्तच पळे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. माझी सगळी हयात बैलगाडीवर गेलेली, जीप नुकतीच शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी शिरपूरला मेहुणीच्या पोराचं बारसं होतं. सासरे म्हणाले होते, “जावईबापू, खळ्याले एक चक्कर मारून दाराशी उभी करून दाखवा. मग उद्या जीप घेऊन जा.” चकरेला बायकोही जीपमध्ये माझ्या शेजारी बसली होती. आपण जीपनं येणार, असा निरोप तिने बहिणीला धाडूनही टाकला होता.

आम्हा दोघांना गंजीतून ओढून काढलं. “ब्रेकच लागला नाही,” मी म्हणालो. “पुऱ्या ताकदीनं दाबला.” शपथेवर सांगितलं असतं, इतकी माझी खात्री होती.

आमच्याकडे जावयाची चूक काढत नाहीत. त्यामुळे चौकशी फार कसून झाली.

“ब्रेकच खराब असन,” सासरे म्हणाले.

“गंजी काहून तिथं रचली म्हणतो मी,” मेहुणा म्हणाला.

सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. ब्रेक दोषी ठरला, गंजी सहआरोपी झाली आणि मला चहा मिळाला. बायको तेवढी लुगड्यावरचा कडबा झटकत राहिली.

खराब ब्रेकच्या जीपमधून लेकीला कसं धाडायचं? पहाटे बैलगाडी जुंपली. बायको नवं लुगडं सावरत माझ्या शेजारी बसली, तोंड फिरवून. नाल्याच्या उतारावर अचानक म्हशी आडव्या आल्या. मी कासरा छातीशी ओढला, दोन्ही पाय पुढच्या फळीवर रोवले, ‘हो, हो’ म्हणालो. बैल जागीच थांबले.

बायकोने माझ्या पायांकडे पाहिलं.

“कालबी असेच रोवले होते,” ती म्हणाली. “डावा खाली पत्र्यावर, उजवा रेसच्या पेडलवर. ब्रेकले तं तुमी शिवलेबी नाही. अन् बाबा रातभर त्या ब्रेकलेच बोलून राह्यले.” मग पदर खोचत म्हणाली, “हाका आता. आपण पोचेपर्यंत पोराचं नाव ठेवून होईन.”