जिन्याखालची पोती

भिलाईतल्या एका खासगी कारखान्याच्या स्टोअरमध्ये येणारा माल नोंदवून घेणं हे माझं काम. कामगारांना लागणारे जाड कापडी दस्ताने, म्हणजे हातमोजे, आम्हाला एक मावशी पुरवायच्या. कॅम्प-१ वस्तीत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत चार शिलाई मशीन होत्या. आजूबाजूच्या तीन बाया सोबत शिवायला बसायच्या. मावशी मूळच्या भंडाऱ्याकडच्या, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायच्या; बाकी स्टोअर हिंदीतच चालायचं. ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी त्या ऑटोतून पोती आणायच्या, मी रजिस्टरमध्ये लिहायचे आणि त्या उभ्यानंच चहा पिऊन निघायच्या.

मग नवी सिस्टीम आली. प्रत्येक पोत्याला बारकोड लावायचा आणि स्कॅन करायचा. कोणता माल कधी संपेल, कोणाकडून मागवायचा, हे कंप्युटरच ठरवू लागला. पुरवठादार वेळेवर येतो की नाही, याचे गुणही तोच द्यायचा. मला ते आवडलं होतं. मी ट्रेनिंग घेतलं होतं, बाकीचे मला विचारायला यायचे.

स्कॅनर मात्र एकच होता. ट्रक खोळंबले की ड्रायव्हर ओरडायचे, म्हणून मी आधी त्यांचा माल घ्यायचे. मावशींची पोती जिन्याखाली सरकवून द्यायचे. ती कधी दुसऱ्या दिवशी स्कॅन व्हायची, कधी तिसऱ्या. काही महिन्यांतच स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे लाल खूण दिसली आणि मला कळून चुकलं. पोती फाटकात कधी आली हे कंप्युटरला ठाऊकच नव्हतं. मी स्कॅन केलं, तीच त्याच्या लेखी माल आल्याची वेळ.

त्याच आठवड्यात साहेब माझ्या कामाबद्दल सगळ्यांसमोर म्हणाले होते, "रिसीविंग सबसे बढ़िया चल रहा है." त्या लाल खुणेचं खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या खेपेला मावशींचा माल आधी घेतला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा ट्रक उभे होते आणि पोती पुन्हा जिन्याखाली गेली.

एकदा त्यांची ऑर्डर निघालीच नाही. ती रायपूरच्या एका मोठ्या पुरवठादाराकडे गेली. मावशी मला भेटायला आल्या.

"पोरी, माह्या मालात काही खराबी निघाली का?"

"नाही मावशी. सिस्टीममध्ये उशीर दाखवून राहिलं."

"उशीर? मी तं आदल्या दिवशीच आणत होती." मग त्याच म्हणाल्या, "असंन बाई. आमची एक बाई बाळंतपणाले गेली, तवा झाला असंन. मशीन कावून खोटं बोलंन?"

मी मान डोलावली.

पोती उशिरा स्कॅन झाली ती कामाच्या रेट्यात. पण त्या दिवशी कसलीच घाई नव्हती. मावशी दोष आपल्या अंगावर घेत होत्या आणि मी तो घेऊ दिला.

सहा-सात महिन्यांनी राहवेना, म्हणून त्यांच्या घरी गेले. आता दोनच मशीन होत्या, शाळेचे कपडे शिवणं चाललं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली शिलाई संपवली.

"तवाच सांगतलं असतं तं मी साहेबाले भेटली असती," त्या म्हणाल्या. "अन् त्या बाईले मी किती बोलली, तुले मालूम नाही. तुह्यापायी ऑर्डर गेली म्हटलं तिले. आता येतच नाही ती."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी फाटकावरच दुसरा स्कॅनर दिला. आता तिथली वेळ धरली जाते. मावशींचं नाव पुरवठादारांच्या यादीत पुन्हा चढवायला ऑनलाइन फॉर्म भरावा लागणार होता. मी भरून नेला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "शाळेचं काम पुरते मले."

मी त्या बाईचा पत्ता मागून घेतला. ती भिलाईतच, मरोद्याला राहत होती. दारातच, लेकराला कडेवर घेऊन तिनं माझं ऐकून घेतलं.

"मले मालूमच होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात गेली त्या दिवशीबी माह्या वाटणीचे दस्ताने शिवून गेली होती मी. मावशीले तेच सांगत होती. ऐकलं नाही त्यायनं."

"मी मावशींना तुझ्याकडे पाठवू का?"

"नको," ती म्हणाली. लेकरू रडायला लागलं, तशी ती आत गेली. मी दारातूनच परत फिरले.